तेच बिंदू, वेगळी जाळी : गटांच्या तुलनेचा मागोवा

एका कारखान्यातली माणसे घेतली, तर कोण कोणाशी गप्पा मारतो याचे एक जाळे काढता येते आणि कोण कोणाच्या कामाला हात लावतो याचे दुसरे. दोन्हींत माणसे तीच, फक्त त्यांना जोडणारे दुवे निराळे. प्रत्येक जाळ्यात काही माणसे आपसांत घट्ट जोडलेली आणि बाकीच्यांशी सैल बांधलेली दिसतात. अशा घोळक्याला जाळ्यांच्या शास्त्रात समुदाय किंवा गट म्हणतात. मग प्रश्न येतो की एका जाळ्यातले गट दुसऱ्यातही तसेच पडतात का, नसतील तर फरक किती आहे आणि तो नेमका कोणामुळे पडला. बिंदू समान असण्याचा मोठा फायदा असा की कोणता बिंदू कोणाशी जुळवायचा, हे शोधावे लागत नाही. नावे दोन्हीकडे तीच असल्यामुळे तुलना थेट माणसापर्यंत नेता येते. हा फायदा ओळखायला आणि नीट वापरायला संशोधकांना सत्तर-ऐंशी वर्षे लागली.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात या विचाराचे एक पहिले ठळक उदाहरण सापडते. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तिथे टेलिफोनची स्विचे जोडणाऱ्या १४ पुरुषांना एका स्वतंत्र खोलीत बसवून त्यांच्या वागण्याची नोंद ठेवली गेली. त्यांत ९ वायरमन, ३ झाळकाम करणारे आणि २ तपासनीस होते. रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या १४ जणांची एक नव्हे, अनेक जाळी काढलेली आहेत : खेळ आणि थट्टामस्करी, मैत्री, वैर, खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद यावरची भांडणे, कामांची अदलाबदल, मदत. खेळ आणि मैत्रीच्या जाळ्यांत खोलीच्या पुढच्या भागातले आणि मागच्या भागातले असे दोन कंपू स्पष्ट दिसतात. मदतीचे जाळे मात्र ही सीमा पाळत नाही, ते सगळ्या खोलीभर पसरलेले आहे. ही तुलना निव्वळ डोळ्यांनी केलेली होती. दोन आकृत्या शेजारी ठेवायच्या आणि पाहायचे, एवढीच पद्धत. १४ माणसांपुरते ते पुरेसे होते आणि निष्कर्षही अस्सल होता : ज्यांच्याशी खेळायचे ते आणि ज्यांना मदत करायची ते, या दोन बाबी एकाच रेषेने कापल्या जात नाहीत.

पुढची महत्त्वाची सामग्री मिळाली ती अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या एका मठातून. सॅम्युएल सॅम्पसन यांनी तिथल्या नवदीक्षितांचा अभ्यास करून १९६८ साली कॉर्नेल विद्यापीठाला प्रबंध सादर केला. १८ जणांना आठ तऱ्हांचे प्रश्न विचारलेले होते. आवड आणि नावड, आदर आणि अनादर, चांगला प्रभाव आणि वाईट प्रभाव, प्रशंसा आणि दोषारोप अशा चार जोड्या होत्या. पुढे मठात संघर्ष विकोपाला गेला, काहींना काढून टाकले गेले आणि मागोमाग आणखी बरेच जण स्वतः निघून गेले. १९७६ साली हॅरिसन व्हाइट, स्कॉट बुरमन आणि रोनाल्ड ब्रायगर यांनी ही आठही जाळी एकत्र हाताळली. प्रत्येक जाळ्याचे गट वेगवेगळे काढून मग त्यांची तुलना करण्याची वाट त्यांनी सोडली. आठही जाळ्यांना एकाच वेळी लागू पडेल अशी एकच विभागणी शोधायची, आणि त्या विभागणीतून प्रत्येक जाळे कसे दिसते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. सॅम्पसन यांनी ओळखलेले तीन गट, म्हणजे निष्ठावंत, नवे बंडखोर आणि बहिष्कृत, त्यातून बऱ्याच अंशी पुन्हा उभे राहिले. इथे नावड आणि दोषारोपाची जाळीही तितकीच बोलकी ठरली. आवडीच्या जाळ्यात दुवे गटाच्या आत दाटतात, नावडीच्या जाळ्यात ते गटांच्या मधून जातात. फक्त दाट घोळके शोधणाऱ्या पद्धतीला दुसऱ्या प्रकारची रचना दिसलीच नसती. या अर्थाने १९७६ चा हा लेख त्याच्या काळाच्या पुष्कळ पुढे होता, आणि नंतरच्या तीस वर्षांत त्याची आठवण व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

त्याच सुमारास उलट दिशेचे एक पाऊलही पडले. वेन झॅकरी यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेला कराटे क्लबचा अभ्यास जाळ्यांच्या प्रत्येक अभ्यासकाला पाठ असतो. त्यात ३४ सभासद आणि ७८ दुवे आहेत, आणि अखेर क्लबची दोन शकले झाली. कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की झॅकरींच्या नोंदींत दुवे आठ वेगवेगळ्या संदर्भांतले होते. क्लबबाहेर दोघे किती ठिकाणी भेटतात ते मोजून त्यांनी प्रत्येक दुव्याला एक वजन दिले. म्हणजे आठ संभाव्य जाळी मिटवून त्यांची एक बेरीज केली. बेरीज कामाला आली, क्लब कुठे फुटेल याचा अंदाज एका माणसाचा अपवाद वगळता बरोबर ठरला. चुकलेला तो नववा सभासद प्रशिक्षकाच्या बाजूला गेला, कारण ब्लॅक बेल्टची परीक्षा अवघ्या तीन आठवड्यांवर आली होती आणि त्यामागे त्याची चार वर्षांची मेहनत होती. त्याला ओढून नेणारे कारण त्या बेरजेत मोजलेच गेले नव्हते.

तुलनेला आकडा देण्याचे काम मात्र वेगळ्याच पेठेत चालले होते. १९०१ च्या सुमारास पॉल जॅकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने आल्प्समधल्या दोन जागांच्या वनस्पतींचे साम्य मोजण्यासाठी एक सोपे गुणोत्तर वापरले होते : दोन्हीकडे असलेल्या जातींची संख्या भागिले कुठेही असलेल्या जातींची एकूण संख्या. १९७१ साली विल्यम रँड यांनी वर्गीकरणाच्या पद्धती तपासण्यासाठी तशाच धाटणीचा निर्देशांक सुचवला. त्यात बिंदूंच्या जोड्या मोजतात. एखादी जोडी दोन्ही विभागण्यांत एकाच गटात असेल, किंवा दोन्हींत वेगवेगळ्या गटांत असेल, तर त्या जोडीबद्दल दोन विभागण्यांचे एकमत आहे असे धरायचे.

सहा जणांच्या एका कचेरीवर हे तपासता येते. कामाच्या जाळ्यात अ, आ, इ यांचा एक गट आणि ई, उ, ऊ यांचा दुसरा. चहाच्या जाळ्यात अ-आ, इ-ई आणि उ-ऊ अशा तीन जोड्या. सहा जणांच्या एकूण जोड्या १५ होतात. कामात एकत्र असलेल्या ६, चहाला एकत्र असलेल्या ३, दोन्हीकडे एकत्र असलेल्या २ आणि कुठेच एकत्र नसलेल्या ८. एकमत १५ पैकी १० जोड्यांवर, म्हणून रँड निर्देशांक ०.६७. जॅकारचे गुणोत्तर लावले, तर कुठेही एकत्र असलेल्या ७ जोड्यांपैकी २ समान, म्हणजे ०.२९. माणसे तीच, गट तेच आणि साम्य एकदा दोन-तृतीयांश, एकदा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. फरक त्या ८ जोड्यांचा आहे. कुठेच एकत्र नसणे हे एकमत मानायचे की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. मोठ्या जाळ्यात बहुतेक जोड्या कुठेच एकत्र नसतात, त्यामुळे रँडचा आकडा जवळजवळ नेहमीच १ कडे झुकतो आणि काहीच सांगत नाही.

याचा उपाय १९८५ साली लॉरेन्स ह्यूबर्ट आणि फिप्स अरेबी यांनी रूढ केला. गटांचे आकार तेच ठेवून माणसे त्यांत चिठ्ठ्या टाकून वाटली असती, तर सरासरी किती साम्य आले असते, ते आधी काढायचे, मोजलेल्या साम्यातून वजा करायचे आणि जे उरेल त्याला, पूर्ण साम्य असते तर जितके उरले असते, त्याने भागायचे. वरच्या कचेरीत योगायोगाने समान येणाऱ्या जोड्या ६ गुणिले ३ भागिले १५, म्हणजे १.२. प्रत्यक्षात आल्या २. सुधारित निर्देशांक येतो ०.२४. पूर्ण साम्याला १, निव्वळ योगायोगाला ०, योगायोगाहूनही वाईट असेल तर उणे. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा विचार हाच आहे, आकड्याच्या सूत्रापेक्षाही महत्त्वाचा : साम्य किती आहे या प्रश्नाला, कशाच्या मानाने किती, असे विचारल्याशिवाय अर्थ येत नाही. यातले अरेबी हे ब्रायगर आणि बुरमन यांच्यासोबत १९७५ साली जाळ्यांच्या विभागणीची एक पद्धत मांडणाऱ्यांपैकी एक होते. दोन वाटा एकाच माणसाच्या कामात भेटल्या होत्या, पण जाळ्यांचे अभ्यासक आणि वर्गीकरणाचे अभ्यासक पुढची बरीच वर्षे एकमेकांपासून अंतरावरच राहिले.

त्याच ह्यूबर्ट यांचा तिसऱ्या एका वाटेशीही संबंध आहे. १९६७ साली नेथन मँटेल यांनी, कर्करोगाचे रुग्ण स्थळ आणि काळ दोन्हींनी एकत्र गोळा होतात का, हे तपासण्यासाठी दोन अंतर-कोष्टकांची तुलना केली होती. ह्यूबर्ट यांनी १९७० च्या दशकात आणि डेव्हिड क्रॅकहार्ट यांनी १९८० च्या दशकात ती कल्पना सामाजिक जाळ्यांपर्यंत आणली. एका जाळ्याची रचना जशीच्या तशी ठेवायची, फक्त बिंदूंची नावे पिसायची, असे हजारदा करायचे, आणि मूळ साम्य या हजारांत कुठे बसते ते पाहायचे. क्रॅकहार्ट यांच्या एका प्रसिद्ध सामग्रीत एका कंपनीतले २१ व्यवस्थापक आहेत. कोण कोणाचा सल्ला घेतो, कोण कोणाचा मित्र आहे आणि कोण कोणाच्या हाताखाली काम करतो, अशी तीन जाळी. नावे पिसण्याची ही कसोटी बिंदू समान असतानाच शक्य आहे आणि ती नेमका योग्य प्रश्न विचारते : दोन्ही जाळ्यांची ठेवण सारखी आहे का, हा नव्हे, तर त्याच माणसांनी तीच जागा घेतली आहे का, हा. दोन जाळ्यांत प्रत्येकी पाच गट असणे याला साम्य म्हणत नाहीत.

फरक हाच कधी कधी सगळ्या गोष्टीचे मर्म असतो, हे १९९३ साली जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अँसेल यांनी पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सवरून दाखवले. शहरातल्या श्रीमंत घराण्यांची लग्नांची जाळी आणि व्यवहाराची जाळी त्यांनी शेजारी मांडली. मेदिची घराण्याने सोयरीक एका तऱ्हेच्या घराण्यांशी केली आणि धंदा दुसऱ्याच तऱ्हेच्या घराण्यांशी. लग्ने जुन्या प्रतिष्ठितांत, तीही आपल्या मोहल्ल्याबाहेर. व्यापारी भागीदारी मोहल्ल्यातल्या नव्या माणसांशी. या दोन वर्तुळांचा आपसांत फारसा संबंध नव्हता. त्यांना जोडणारे एकच घराणे होते. १४३४ साली कोसिमो मेदिची निर्वासनातून परतून शहराचा खरा धनी झाला, त्यामागे या रचनेचा मोठा वाटा होता असे पॅजेट आणि अँसेल यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही जाळी एकात मिसळली असती, तर मेदिची हे पुष्कळ दुवे असलेले एक घराणे एवढेच दिसले असते. गट कुठे वेगळे पडतात आणि तिथे कोण उभे आहे, हे दोन जाळी वेगळी ठेवल्यानेच कळले.

२००२ नंतर विषयाचा वेग बदलला. मिशेल गिरव्हन आणि मार्क न्यूमन यांच्या त्या वर्षीच्या लेखाने भौतिकशास्त्रज्ञांना समुदाय-शोधाकडे वळवले. २००४ साली त्यांनी मॉड्युलॅरिटी हे माप मांडले : गटांच्या आत जितके दुवे आहेत त्यातून, प्रत्येक बिंदूच्या दुव्यांची संख्या तीच ठेवून ते योगायोगाने जोडले असते तर आले असते तितके, वजा करायचे. २००८ साली बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाच्या परिसरातून ब्लोंदेल आणि सहकाऱ्यांची वेगवान पद्धत आली. तिने २० लाखांहून अधिक मोबाइल ग्राहकांचे जाळे विभागले आणि फ्रेंच भाषक आणि डच भाषक असे दोन मोठे भाग जवळजवळ स्वच्छ वेगळे झाले.

पद्धती वाढल्या तशी त्यांच्या उत्तरांची तुलना करण्याची गरजही वाढली. २००५ साली लिऑन डॅनन आणि सहकाऱ्यांनी माहितीशास्त्रातले एक माप या कामाला लावले : एका विभागणीतला गट सांगितला, तर दुसऱ्या विभागणीतल्या गटाबद्दलची अनिश्चितता किती कमी होते, ते शून्य ते एक या पट्टीवर मांडायचे. हे सामान्यीकृत परस्पर-माहितीचे माप झपाट्याने रूढ झाले. पण रँडच्या निर्देशांकाचा जो दोष १९८५ साली दुरुस्त झाला होता, तोच दोष यात पुन्हा शिरला होता. वरच्या कचेरीत काम आणि चहा यांचे हे माप ०.५२ येते. आता चहाचे गट सोडून प्रत्येकाला एकेकटा गट मानला, म्हणजे काहीच न सांगणारी विभागणी घेतली, तर माप वाढून ०.५६ होते. सुधारित रँड निर्देशांक त्याच विभागणीला ० देतो. बारीक तुकडे केले की साम्य आपोआप वाढते. विन्ह, एप्स आणि बेली यांनी २००९-१० मध्ये योगायोग वजा केलेले माहिती-माप दिले. तरीही मूळ मापच कित्येक वर्षे सर्रास वापरले जात राहिले, आणि यामुळे कितीतरी तुलना असतील त्याहून सरस दिसल्या, हे खेदाने म्हणावे लागते. मरीना मेइला यांनी याच कल्पनांवर विभागण्यांमधले खरे अंतर मांडले, ज्याला भूमितीतल्या अंतराचे नियम लागू पडतात. त्यामुळे अनेक विभागण्या एकमेकांपासून किती लांब आहेत, याचा नकाशा काढता येतो.

मग एक अधिक खोल अडचण पुढे आली. बेंजामिन गुड, इव्ह-अलेक्झांडर द मोंजॉय आणि ॲरन क्लॉसेट यांनी २०१० साली दाखवले की मॉड्युलॅरिटीच्या दृष्टीने जवळजवळ सारख्याच चांगल्या, पण एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या अशा असंख्य विभागण्या एकाच जाळ्याच्या असू शकतात. त्याआधी २००७ साली फोर्तुनातो आणि बार्थेलमी यांनी सिद्ध केले होते की या मापाला एका आकाराखालचे गट दिसतच नाहीत, आणि तो आकार पूर्ण जाळ्याच्या दुव्यांच्या संख्येवर ठरतो. दोन्ही गोष्टींचा तुलनेवर थेट परिणाम होतो. एका जाळ्यात दुसऱ्यापेक्षा दुवे जास्त असतील, तर केवळ माप ठोकळ असल्यामुळेही गट बदललेले दिसू शकतात. आणि तेच जाळे तीच पद्धत लावून दोनदा विभागले तरी उत्तर वेगळे येऊ शकते. म्हणून आज कामाच्या आणि चहाच्या जाळ्यांत फरक सांगायचा, तर आधी कामाच्या जाळ्याचा स्वतःशीच किती फरक पडतो ते मोजावे लागते. दोन जाळ्यांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच तो फरक. लान्चिकिनेत्ती आणि फोर्तुनातो यांनी २०१२ साली अनेक विभागण्यांमधून एक सामाईक विभागणी काढण्याची पद्धत दिली. मार्टिन रोसव्हाल आणि कार्ल बर्गस्ट्रॉम यांनी २०१० साली, दुव्यांचे पुनर्नमुने घेऊन कोणते बिंदू आपल्या गटात खात्रीने आहेत ते आधी ठरवले आणि मगच वर्षांमागून वर्षे गट कसे मिसळतात-फुटतात याच्या वाहत्या पट्ट्या काढल्या. शास्त्रीय नियतकालिकांच्या परस्पर-उल्लेखांवरून २००१ ते २००७ या काळात मज्जाविज्ञान हे स्वतःच्या पायावर उभे राहिलेले क्षेत्र म्हणून त्यांत वेगळे निघालेले दिसते. हे चित्र सुंदर आहेच, शिवाय कोणता प्रवाह विश्वासार्ह आहे तेही ते सांगते. नुसत्या एका आकड्याला हे कधीच जमत नाही.

विभागण्या आधी करून मग तुलना करायची, या रीतीलाच २०१० साली पर्याय उभा राहिला. पीटर मुखा, मेसन पोर्टर, युक्का-पेक्का ओनेला आणि सहकाऱ्यांनी सगळी जाळी एकमेकांवर थरांसारखी रचली आणि प्रत्येक बिंदूला दुसऱ्या थरातल्या त्याच बिंदूशी जोडणारा एक दुवा घातला. या दुव्याची ताकद अभ्यासक ठरवतो. ती शून्य असली की प्रत्येक थर स्वतंत्र. ती खूप वाढवली की बिंदूला सगळ्या थरांत एकाच गटात राहावे लागते. मधल्या पट्ट्यात कोणता बिंदू खरोखर गट बदलतो ते दिसते. १७८९ ते २००८ या काळातल्या अमेरिकन सिनेटमधल्या मतदानावर त्यांनी हे वापरून पाहिले. पुढच्याच वर्षी डॅनिएल बॅसेट आणि सहकाऱ्यांनी, बोटांच्या हालचाली शिकणाऱ्या माणसांच्या मेंदूचे ११२ भाग घेऊन प्रत्येक भाग काळाच्या ओघात किती वेळा गट बदलतो ते मोजले. एका सत्रातल्या या लवचिकतेवरून पुढच्या सत्रातल्या शिकण्याचा अंदाज बांधता येत होता. बिंदू समान असण्याचा पूर्ण लाभ इथे घेतला गेला, कारण तुलनेचे उत्तर सबंध जाळ्याबद्दलच्या एका आकड्यात न राहता प्रत्येक बिंदूला स्वतंत्रपणे मिळाले. याची उणीवही तितकीच खरी आहे. थरांना जोडणारी ताकद किती धरावी, याला सर्वमान्य आधार नाही. ती जास्त धरली की साम्य आपणच पेरलेले असते.

भारतातली या प्रकारची एक मोठी सामग्री कर्नाटकातली आहे. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्तेर दुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी दक्षिण कर्नाटकातल्या ७५ गावांत घराघरांतले संबंध विचारले होते. कोण कोणाच्या घरी जाते, नातलग कोण, उसने पैसे कोणाकडून घेतात आणि कोणाला देतात, रॉकेल-तांदूळ कोणाकडे मागतात, सल्ला कोणाचा घेतात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये कोणासोबत जातात, असे डझनभर थर. सूक्ष्म कर्जाची बातमी गावात कशी पसरते, हा २०१३ सालच्या त्यांच्या लेखाचा प्रश्न होता आणि त्यासाठी कोणताही एक संबंध असला तरी दुवा धरून सगळे थर एकत्र केले गेले. त्या प्रश्नाला ते योग्यच होते, कारण बातमी कोणत्याही वाटेने जाते. पण रॉकेल मागण्याचे गट आणि देवळात जाण्याचे गट एकच आहेत का, हा निराळा प्रश्न आहे, आणि तो विचारता येईल अशा रीतीने ही माहिती थर वेगळे ठेवून खुली केलेली आहे.

कोणते थर मिसळावेत आणि कोणते वेगळे ठेवावेत, हे अंदाजाने न ठरवता माहितीतूनच ठरवण्याचे प्रयत्न गेल्या दशकभरातले. तियागो पेशोतो यांनी २०१५ साली थरांच्या जाळ्यांसाठी संभाव्यतेवर आधारलेले प्रतिमान मांडले. त्यात थर वेगळे धरल्याने मिळणारा तपशील, त्यासाठी वाढणाऱ्या गुंतागुंतीच्या किमतीला पुरतो का, हे तोलता येते. पुष्कळदा उत्तर नाही असेही येते. नताली स्टॅन्ली, मुखा आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली थरांचेच गट पाडले : ज्या थरांची समुदाय-रचना एकाच साच्यातून निघालेली असू शकते ते एकत्र, बाकीचे वेगळे. १९७६ साली मठातल्या आठ जाळ्यांना एकच विभागणी लावण्याचा जो विचार होता, तो इथे सुधारून परत आला आहे. आता ती एकच विभागणी आठांपैकी किती जाळ्यांना लागू पडते, तेही तपासता येते.

या सगळ्या काळात एक गैरसमज चिवटपणे टिकून राहिला. माणसांबद्दलची आधीच माहीत असलेली ओळख, म्हणजे भाषा, खाते किंवा पक्ष, हीच खरी विभागणी आणि जाळ्यातून निघालेली विभागणी तिच्याशी जुळली नाही तर पद्धत चुकली, असे धरले जात असे. लेटो पील, डॅनियल लारेमोर आणि क्लॉसेट यांनी २०१७ साली हे खोडून काढले. ओळख आणि जाळे वेगवेगळ्या गोष्टी सांगत असू शकतात. न जुळण्याची कारणे अनेक आहेत : ओळखीचा त्या जाळ्याशी संबंधच नसेल, दोघे रचनेच्या दोन वेगळ्या बाजू दाखवत असतील, जाळ्यात गटच नसतील, किंवा पद्धत खरोखरच चुकली असेल. दोन जाळ्यांच्या तुलनेलाही हेच लागू आहे. बेल्जियमच्या जाळ्यात दोन भाषांच्या भागांना सांधणारा एक गट निघाला आणि त्यात दोन्ही भाषांचे लोक मिसळलेले होते. भाषेच्या यादीशी ताडून पाहिले असते, तर तो दोष म्हणून मोजला गेला असता.

न्यूमन, जॉर्ज कँटवेल आणि जाँ-गाब्रिएल यंग यांनी २०२० साली परस्पर-माहितीच्या मापात आणखी एक दुरुस्ती सुचवली. दोन विभागण्यांचा मेळ दाखवणारे कोष्टक सांगायलाच जी माहिती खर्च होते, ती आजवर हिशेबाबाहेर ठेवली जात होती. तीही वजा करायची. या दुरुस्तीनंतर प्रत्येकाला एकेकटे ठेवणाऱ्या विभागणीचे गुण जवळपास नाहीसे होतात.